फोरमनची ट्रायल

शेवंतामावशींच्या घरात खडूची खूण नसलेली वस्तू सापडणं अवघड होतं. लोणच्याच्या बरणीवर खूण, सिलिंडरवर खूण, छत्रीच्या दांड्यावरसुद्धा खूण. शाळेत मास्तर ‘बरोबर’ची करतात तशी, फक्त शेपटी जरा लांब. जबलपूरच्या फॅक्टरीत त्यांनी सगळी नोकरी तपासणी विभागात काढली होती. तयार माल मापायचा, नीट असला की खडूने खूण करायची, नसला की बाजूला सारायचा. नोकरी संपली तरी खडू सुटला नाही. पदराच्या गाठीत चिल्लर असावी तसा तो असायचा.

मी आर्वीकडची. सातवीत शाळा सुटली, आई गेली, भावाच्या संसारात माझी जागा स्वयंपाकघराच्या दारापर्यंतच उरली. शेवंतामावशींचं कमरेचं हाड मोडलं होतं आणि त्यांना सोबतीला कोणीतरी हवं होतं, म्हणून ओळखीतून मी जबलपुरातल्या कांचघर वस्तीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत एक पिशवी घेऊन येऊन पडले. येताच त्यांनी मला चहा करायला लावला. पलंगावर बसून सावकाश प्यायल्या, मग हात लांब करून चहापत्तीच्या डब्यावर खूण ओढली. मला हसू आलं.

“हासून काहून राहिली? चहा पास झाला. तू नाही. माणूस एका कपात पास होत नाही.”

तेव्हापासून मी कायम धास्तीत. पोळी करपली की वाटायचं, आता पिशवी भरायला सांगतात. त्या सांगायच्या नाहीत. करपलेली पोळी स्वतःच्या ताटात ओढून घ्यायच्या आणि म्हणायच्या, “मशीन नवी आहे, चलो, बसून जाईल.”

घरात तिसरा होता फोरमन. पिवळा, जाडजूड बोका. “काम काही करत नाही, अन् सगळ्यायच्या कामावर नजर. मग दुसरं नाव काय ठेवू?” तो फक्त मावशींच्या हातचं खायचा. त्या दवाखान्यात होत्या तेव्हा शेजारच्यांनी ठेवलेलं दूध वाटीतच नासलं होतं म्हणे. मी भात घातला की हा पलंगाखाली. मावशींना याचा केवढा अभिमान. “त्याले दुसरा हात चालत नाही.”

त्यांचा मुलगा मिलिंददादा कॅनडात. आईने आता तिकडेच येऊन राहावं, असा त्याचा धोशा होता. एकदा फोनवर बोलता बोलता तो म्हणाला, “आई, मांजराचं काय एवढं? इकडे पण मांजरं मिळतात.”

“पोरंही मिळत असतील. मी तुले टाकून दुसरं घेतलं का?”

दादा हसला, पण माणूस गुणाचा. त्याने सगळी चौकशी केली. इंजेक्शनं, मानेच्या कातडीखाली बसवायची चिप, डॉक्टरांचे दाखले, सगळं जमण्यासारखं होतं. एकच अडचण होती. फोरमन इतका वजनदार, की त्याला विमानात आईच्या पायाशी बसू देणार नव्हते. विमानाच्या पोटात, पेटीत, एकट्यानेच जावं लागणार होतं. “त्याला ते झेपेल का, हे तूच सांग,” दादा म्हणाला.

“तो जाईन तर मी जाईन,” मावशी म्हणाल्या.

म्हणजे सगळं त्या बोक्यावर आलं. तो गेला तर मावशी जाणार, घर विकलं जाणार आणि मी परत भावाच्या दाराशी. मावशींनी मात्र गावातल्याच गोरखपूर बाजारातून जाळीच्या दाराची पेटी मागवली आणि जाहीर केलं, “ट्रायलशिवाय माल बाहेर जात नाही. कुंडमले नेऊन आणायचं.” जंगलापलीकडच्या कुंडम गावी त्यांची फॅक्टरीतली जुनी मैत्रीण राहायची.

“तुम्ही जाणार?”

“मी कशी जाईन? ज्यानं माल बनवला त्यानं तो तपासायचा नसतो. तू घेऊन जाय. जे होईन ते सांग, जसंच्या तसं.”

बसमध्ये फोरमनने जो सूर लावला, तो काही थांबेना. कंडक्टर वाकून बघत म्हणाला, “दीदी, किसको बंद करके ले जा रही हो?” सगळी बस हसली. मी मान खाली घालून मनात म्हणत होते, ओरड बाबा, असाच ओरड, मला घर राहू दे. मग जंगलाचा रस्ता लागला आणि त्याचा आवाज बसला. तोंड उघडायचं, पण बाहेर काही येईना. ते मला बघवलं नाही. मी जाळीतून बोट आत घातलं. त्याने हुंगलं, त्यावर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले. बोटाला मुंग्या आल्या, पण कुंडमपर्यंत मी ते काढलं नाही. त्या दिवशी तो काही जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, मैत्रीणबाईंच्या अंगणात, माझ्या हातचा दूधभात मात्र त्याने चाटून पुसून खाल्ला.

परत आल्यावर मी सगळं सांगितलं, बोटासकट. मावशींनी डोळे बारीक केले. “माप घेताना मालाले हात लावायचा नसतो, पोरी. ट्रायल बिघडवली तू.”

“पुन्हा जाऊ का?”

“नको.”

नंतर काही दिवस पेटी कोपऱ्यात तशीच पडून राहिली. फोरमन मांडीवर, खडू गाठीत. एका दुपारी म्हणाल्या, “त्याले भात घाल.”

“तो माझ्याकडून...”

“कुंडमले खाल्ला ना? घाल.”

मी वाटी ठेवली. फोरमनने एकदा मावशींकडे पाहिलं, मग वाटीत तोंड घातलं. मावशी खिडकीकडे तोंड करून बसल्या. तिकडे बघतच म्हणाल्या, “विमानात त्याच्या जाळीत बोट घालून कोण बसून राहीन? तो इथंच राहू दे.”

“आणि तुम्ही?”

“मी जाते. पोरगा कवाचा बोलावून राहिला. मीच बोक्याच्या आड लपून राहिली होती.”

संध्याकाळी त्यांनी दादाला फोन लावला. “घर विकायचं नाही. फोरमन ड्यूटीवर आहे. अन् त्याच्या हाताखाली एक माणूस आहे, तिचं तू पाहायचं.” मी गॅस बारीक करून दाराशी आले.

निघायच्या दिवशी दाराशी टॅक्सी उभी होती. फोरमन खिडकीत पाठ करून बसला होता. मावशींनी त्याच्या पाठीवरून एकदाच हात फिरवला. मी दही दिलं, पाया पडले. त्यांनी घराची चावी माझ्या हातात ठेवली, मग गाठ सोडून खडू काढला. झिजून नखाएवढा राहिलेला. मला वाटलं, आता तरी माझ्यावर कुठे खूण ओढतील. त्यांनी तो माझ्याच मुठीत बंद केला. “आता पास-नापास तू पाहायचं.”

आता त्यांचा व्हिडिओवर फोन येतो. अंगात जाड स्वेटर, मागे खिडकीबाहेर बर्फ. फोरमन मोबाईल हुंगतो आणि चालता होतो. “रिजेक्ट केलं मले,” त्या म्हणतात. मग लोणच्याला बुरशी आली का, सिलिंडर गळत तर नाही ना, सगळं विचारून होतं. फोन ठेवायच्या आधी मात्र प्रत्येक वेळी एकच विचारतात.

“बोट आहे ना जाग्यावर?”

“आहे, मावशी.”

“चलो मग.”