रेशीम अंगाला लागत नाही

जुनं कापड हातात आलं की माझं काम थांबतं. हे माझ्या धंद्याला परवडणारं नाही, पण त्याला इलाज नाही. मिरजेत दवाखान्यांच्या गल्लीत एका औषधाच्या दुकानावर माझी खोली आहे. तिथं मी जुन्या साड्यांचे, धोतरांचे, घोंगड्यांचे नवे कपडे करते. बोहारीण भांड्यांच्या बदल्यात घरोघरच्या साड्या गोळा करते आणि त्यातल्या बऱ्या माझ्याकडे आणून टाकते. जतकडच्या इरकली असतात, धुऊन धुऊन सायीसारख्या मऊ झालेल्या. मी एकेक उलगडते आणि तशीच बसून राहते. पदराला हळदीचा हात पुसलेला असतो, काठ टाचेखाली येऊन झिजलेला असतो. ती बाई मला दिसायला लागते. ती अंगणात उभी आहे, हात डोळ्यांवर धरून रस्त्याकडे बघते आहे, आणि कुणीतरी यायचं आहे. मग खालून रुग्णवाहिका ओरडत जाते आणि मी भानावर येते. आई म्हणते, हिला कात्री देण्याऐवजी उशी द्यायला हवी.

पाचगणीतलं एक दुकान माझे कोट ठेवतं. तिथं येणाऱ्या मुली ते अंगावर चढवून फोटो काढतात आणि 'काय फ्युजन आहे' म्हणतात. मला हसू येतं. आमच्या घरात फ्युजन वगैरे काही झालं नव्हतं. आमच्या घरात एक लग्न झालं होतं आणि त्याचे टाके पुढं बरीच वर्षं ओढत होते.

वडील सांगलीजवळच्या, कृष्णेकाठच्या एका गावचे. जैन शेतकऱ्यांचं घर. आई मिरजेची, मुसलमान. तिचे वडील तंबोऱ्याचे भोपळे कोरायचे. दोघांनी आपल्या मनानं लग्न केलं आणि वडिलांना गावातलं घर सोडावं लागलं. काही वर्षांनी सगळे नरमले. आजोबा मला मांडीवर घ्यायला लागले, काका दिवाळीचा फराळ पाठवायला लागले. राहिली ती फक्त आत्या, वडिलांची धाकटी बहीण.

आत्या यायची थांबली नव्हती, हे मात्र तिच्या बाजूनं सांगायलाच हवं. लग्न न केलेली बाई, घरची म्हसरं आणि देवळातली पूजा यात तिचा दिवस जायचा. पण भाऊबीज तिनं कधी चुकवली नाही. वडिलांना ओवाळायची, मला जवळ घ्यायची, माझ्या केसांतून हात फिरवायची. फक्त आईशी बोलायची नाही. बोलायचीच वेळ आली तर माझ्यामार्फत.

"वन्सं, पाणी तरी घ्या की," आई म्हणायची. ही हाक ती शेजारणींकडून शिकली होती. धाकट्या नणंदेला वन्सं म्हणतात हे कळल्यापासून तिनं आत्याला दुसरं काही म्हटलं नाही.

"तुझ्या आईला सांग, मी घरनं पिऊन आली हाय," आत्या मला सांगायची. आई हाताच्या अंतरावर बसलेली असायची. मी तिच्याकडे वळून म्हणायचे, "आत्या घरनं पिऊन आलीय." लहानपणी मला हा खेळच वाटायचा. आमच्यात हे असंच असतं, असं मी वर्गात सांगितलंही होतं.

मोठी झाल्यावर मात्र मला याचा राग यायला लागला. आईला यायचा नाही. तिला वाईट वाटायचं, आणि रागापेक्षा ते सोसायला अवघड असतं. वडील गेले त्या दिवशी दोघी एकाच सतरंजीवर बसल्या होत्या. आत्या मला म्हणाली, "तुझ्या आईला म्हणावं, दोन घास खा." आईनं ते दोन घास खाल्ले. नंतर मला म्हणाली, "एकदा वहिनी म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं गं?"

मग एका हिवाळ्यात आत्याचा फोन आला. ती दीक्षा घेणार होती.

आमच्याकडे बाई दीक्षा घेते तेव्हा घर सुटतं, केस उपटून काढतात, अंगावर एक पांढरी साडी राहते, जुनं नाव जातं आणि नातीही जातात. त्यानंतर ती कुणाची आत्या नाही, कुणाची बहीण नाही. सगळे तिला माताजी म्हणतात आणि तिला सगळे सारखे. पण त्याआधी तिची मिरवणूक निघते. तिला नवरीसारखं नटवतात, घरोघरी ओटी भरतात, बँड लावतात. म्हणजे जे सोडायचं ते एकदा अंगावर चढवायचं आणि मग उतरवून ठेवायचं. मला ही रीत फार आवडते. कपड्याला इतका मान मी दुसरीकडे कुठं दिलेला पाहिला नाही.

"मला भाड्याचा शालू नगं," आत्या म्हणाली. "नवं तर कायबी आणू नगंस. माझ्या जुन्या साड्या हायत, त्यातलंच काय तरी कर. फकस्त वाकळ करू नगंस म्हंजे झालं."

तिनं गाठोडं पाठवलं. सगळं सुती. आत्यानं तरुणपणीच रेशीम सोडलं होतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मी गाठोडं सोडलं आणि नेहमीसारखी हरवून गेले. फिक्या निळ्या साडीत मला नदीचा घाट दिसला, पहाटेचं धुकं, आणि कडेवरून कळशी घेऊन जाणारी तरुण आत्या, जिला मी कधी पाहिलंच नव्हतं. हिरव्या साडीत वडिलांचा हसण्याचा आवाज होता. खरं सांगते, होता. मी त्या साड्यांचा शेला करायचं ठरवलं: खांद्यावरून खाली घोट्यापर्यंत येईल असा, पातळ, दोन पदरी. आजोबांच्या धोतराची पांढरी पट्टी मध्ये घेतली. जतच्या एका म्हाताऱ्या धनगरणीच्या इरकलीचा लाल सुती काठ कडेला लावला, कारण आत्याच्या साड्यांत लाल नव्हताच. उन्हात धरला की दोन्ही पदरांतले रंग एकमेकांत मिसळायचे आणि पाण्याखालून काही दिसावं तसं दिसायचं.

हातशिलाई नेहमी आईच करते. तिचा टाका माझ्यापेक्षा बारीक आहे आणि ती ते मला दिवसातून एकदा तरी ऐकवते. शेला तिनं घरी नेला, दुपारच्या उन्हात दारात बसून पुरा केला आणि घडी घालून परत आणला. मी घडी मोडली नाही.

मिरवणुकीच्या सकाळी आम्ही दोघी गावी गेलो.  एसटीत आई मला म्हणाली, "आज न्हाई म्हटलं तर परत कधीच न्हाई म्हणणार ती मला." काय म्हणणार, हे मी विचारलं नाही. ते मला पाठ होतं.

माजघर बायकांनी भरलं होतं. आत्या मधोमध पाटावर बसलेली, हातात हिरवा चुडा, कपाळाला कुंकू. बाहेर बँडवाले आपापली वाद्यं तपासत होते. मी शेला उलगडला आणि तिच्या खांद्यावर घातला. बायकांच्या तोंडून 'अगंबाई' निघालं, आणि मला बरं वाटलं, कशाला खोटं बोलू. आत्यानं निळ्यावरून हात फिरवला, हिरव्यावरून फिरवला. तिचा हात धोतराच्या पट्टीवर थांबला.

तेवढ्यात आई पुढं झाली. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला आधी काही कळलंच नाही.

"वन्सं," ती म्हणाली, "मानेशी आतनं हात लावा की. माझ्या अब्बांच्या बंडीची पट्टी हाय ती. मशरूची. तुमच्याकडचं समदं होतं, आमच्याकडचं कायच न्हवतं, म्हणून मी लावली. आन् भिऊ नका, रेशीम हाय पर अंगाला लागत न्हाई. सुताची बाजू तुमच्याकडं केलीया."

मशरू हे कापड वरून रेशमाचं आणि आतून सुताचं विणतात. आईच्या माहेरी पुरुषांनी अंगाला रेशीम लावायचं नाही अशी चाल, म्हणून तिचे अब्बा ईदला मशरूची बंडी घालायचे. वरून झळाळी आणि अंगाला साधं सूत. आईनं लहानपणापासून हेच पाहिलं होतं. आत्या रेशीम नेसत नाही म्हणजे तिच्याकडेही तसंच काहीसं असणार, हे तिनं मनाशी धरलं होतं. अब्बांना जे चालत होतं ते वन्संना चालेलच. रेशमाची बाजू तिनं आत दुमडून, सुताखाली पार लपवून शिवली होती.

पाटाजवळच्या बायका मागं सरकल्या.

आत्याचं रेशीम सोडणं अंगाला लागण्यावरून नव्हतंच. रेशमासाठी किडे मारतात, म्हणून तिनं ते सोडलं होतं. आतून असो की बाहेरून, नवं असो की कुणाच्या अब्बांचं. हे घरात प्रत्येकाला ठाऊक होतं, मलाही होतं. आईला ते कुणी सांगितलंच नव्हतं. कारण सांगायला समोर बसून बोलावं लागतं. निरोपातून फक्त 'नको' जातं, 'का नको' ते जात नाही.

"काढा ते, काढा," एक काकू म्हणाली. "आज दीक्षेचा दिवस, आन् हे काय करून ठेवलं!" दुसरी कुणी घरातली सुती शाल आणायला निघाली. आई जिथं उभी होती तिथंच उभी राहिली. तिचा आनंद अजून चेहऱ्यावर तसाच होता, त्याला उतरायला वेळ मिळाला नव्हता. मला त्या क्षणी सगळ्या गावाचा संताप आला. त्यातही आत्याचा सगळ्यात जास्त.

आत्यानं शेला खांद्यावरून उतरवला. मांडीवर घेतला, मानेची कड उलटी केली, टाके बघितले. बराच वेळ बघितले. मग म्हणाली, "कात्री द्या कुणी तरी." मला वाटलं, आता ही कापणार.

तिनं पाटावर थोडं सरकून जागा केली.

"वहिनी," ती म्हणाली, "बसा हितं. टाके तुमचे हायत, तुमालाच म्हाईत कुठनं सुटत्यात. दोघी मिळून उसवू या."

 आई पाटाच्या कडेला बसली. एकीनं कापड ताणून धरायचं, दुसरीनं टाका उचलायचा. आत्या बोलत होती, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "अंगाला लागायचं न्हाई ओ वहिनी. किडं असत्यात त्यात. उकळत्या पाण्यात टाकत्यात जित्ती. म्हणून मी नेसत न्हाई."

"मला ठावं न्हवतं, वन्सं."

"कसं ठावं असंल. मी कवा सांगितलं तुमास्नी? कायच सांगितलं न्हाई. दुपारी मंडपात समद्या गावाची क्षमा मागायची हाय मला. तुमची तिथं न्हाई मागायची मी. तुमची हितं मागती."

आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. "मिरवणूक खोळंबलीया," ती म्हणाली, आणि मग दोघींना हुंदका आवरेना. बँडवाल्यांपैकी एकजण दारातून डोकावला आणि आल्या पावली परत गेला. मी कोपऱ्यात उभी राहून ते बघत होते आणि मला वाटत होतं की मी पुन्हा कुठल्या तरी जुन्या साडीतच हरवले आहे, कुणी हाक मारली की हे सगळं विरून जाईल.

मशरूची पट्टी सुटली. आत्यानं ती गुळगुळीत करून घडी घातली आणि आईच्या ओंजळीत ठेवली. "चांगल्या माणसाची वस्तू हाय. नीट ठेवा," म्हणाली. शेल्याची मानेकडची कड तशीच उघडी राहिली. मी सुई घेऊन पुढं झाले तर आत्या म्हणाली, ऱ्हाऊ दे. सगळ्या गावातून ती तशीच फिरली, मानेशी धागे लोंबत असलेली. मधोमध चालताना तिचा एक हात आईच्या हातात होता.

दुपारी तिनं मंडपात तो शेला उतरवला.

दोनेक महिन्यांनी माताजींचा संघ साताऱ्याकडच्या एका गावात आल्याचं कळलं. आईनं मागं लागून मला तिकडे नेलं. दर्शनाला बायकांची मोठी रांग होती. मोरपिसांची पिंछी हातात घेऊन आत्या, म्हणजे माताजी, चौरंगावर बसल्या होत्या. डोक्यावरचे केस नुकते परत उगवू लागले होते, चेहरा उन्हानं रापला होता, डोळे शांत. आईनं शेजारणीला विचारून विचारून पाठ केलं होतं, तसं हात जोडून 'वंदामि माताजी' म्हटलं. माताजींनी पिंछी उचलली, आशीर्वाद दिला. पुढची बाई सरकली, तिलाही तोच दिला. ओळखीचं हसू नाही, नजर क्षणभर थांबणं नाही, काही नाही.

बाहेर आल्यावर मी भडकले. म्हटलं, एवढ्या लांबून आलो, निदान बघायचं तरी. म्हटलं, एकदा वहिनी म्हणून सगळं मिटवून टाकलं का तिनं?

आई चपला घालत होती.

"रांगेत किती बायका होत्या," ती म्हणाली. "त्यातनं मला वेगळी काढली का तिनं, आधीसारखी?"

"नाही."

"मग झालं तर."