व्याह्यांचा शेवटचा पेपर

तत्त्वज्ञान शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. एम.ए.ला बसलेली पुष्कळ माणसं पाहिली, पण तत्त्वज्ञानाची परीक्षा खरोखर दिलेला माणूस मी जन्मात एकच पाहिला. ते आमचे व्याही. आणि ते त्या परीक्षेत नापास झाले असं आमच्या दोन्ही घरांत, अर्ध्या बेगम बाजारात आणि नामपल्लीच्या आमच्या सबंध गल्लीत बोललं जातं. हे साफ खोटं आहे. कुणाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसण्याचं माझं वय आता राहिलेलं नाही. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आधी हे वाचावं आणि मग खुशाल हसावं.

व्याह्यांचं बेगम बाजारात हळद, मिरची, जिऱ्याचं ठोक दुकान. त्यांचे आजोबा मराठवाड्यातली शेती भावांवर सोपवून हैदराबादेत आले, तेव्हापासून घरात मराठी आणि दखनी एकाच ताटात वाढली जाते. व्याही मला ‘इवाई’ म्हणतात आणि नको म्हणायचं असलं की ‘नक्को’ म्हणतात, आणि ते पुष्कळदा म्हणतात. पण त्यांची खरी खोड वेगळीच. मत बदललं की बोललेला शब्द ते मागे घेतात, आणि तोही चारचौघांत, जिथे बोलले असतील तिथे स्वतः जाऊन. एकदा अफझलगंजच्या एका हॉटेलवाल्याला त्यांनी भरपूर तारीफ करून जिरं विकलं. दुपारी घरी त्याच जिऱ्याची फोडणी जिभेवर पडली, तसे भरल्या ताटावरून उठले आणि रिक्षा करून थेट त्याच्या गल्ल्यापुढे उभे राहिले. “मियाँ, सुबू मैं जो बोला, गलत बोला. जीरा हलका है.” तो बिचारा म्हणाला, “अरे सेठ, मेरेकू तो पसंद है!” “तुमकू पसंद है तो रखो. मेरी तारीफ वापस देव.” तारीफ वापस कशी द्यायची हे त्याला कळेना. शेवटी त्याने चहा पाजला आणि हे समाधानाने परत आले.

आमच्या मुलीच्या साखरपुड्यात या खोडीचा प्रसाद आम्हालाही मिळाला. माझ्या बायकोने आदल्या दिवशी स्वतः चक्का बांधून श्रीखंड केलं होतं. पहिल्या घासाला व्याही मोठ्याने म्हणाले, “वा विहीणबाई, उत्तम!” पंगत उठली, विडे वाटून झाले, आणि हे गृहस्थ सगळ्या पाहुण्यांसमोर उभे राहिले. “मघाशी मी श्रीखंडाला उत्तम म्हणालो. ते शब्द मागे घेतो. जायफळाने वेलचीला मारून टाकलंय.” आम्ही मुलीकडचे, हसावं की माफी मागावी हेही आम्हाला सुचेना. बायकोने मात्र ते मनात धरून ठेवलं. पुढे कित्येक वर्षं व्याही जेवायला येणार म्हटलं की ती खीर करायची. श्रीखंड तिने पुन्हा केलं नाही.

मुलगा, म्हणजे आमचे जावई, दुकानाच्या गादीवर बसू लागले, तेव्हा व्याह्यांनी जाहीर केलं की आपण तत्त्वज्ञानात एम.ए. करणार. जुनी बी.कॉम.ची पदवी होतीच. प्रवेशाच्या वेळी मिळालेली नियमावली घेऊन ते माझ्याकडे आले: हजेरी, अंतर्गत चाचण्या, निबंध, सेमिनार, लेखी पेपर, प्रबंध, तोंडी परीक्षा. बारकाईने वाचून म्हणाले, “इवाई, यात सगळं तोललंय. पण माणसाला पटलं का, ते कुठे तोलतात?” मी म्हणालो, “ते गृहीत असतं.” “आमच्या धंद्यात गृहीत माल कुणी घेत नाही,” ते म्हणाले.

पुढची दोन वर्षं विभागाने जे सोसलं ते सोसलं. निबंधाला किमान शब्दमर्यादा होती. यांचा अर्ध्या पानात आटोपला. विभागप्रमुख मॅडम मूळच्या वरंगळच्या, स्वभावाने सोशिक. त्यांनी वाढवायला सांगितला, तर हे म्हणाले, “माल संपला की पोतं शिवायचं, मॅडम. उगीच खडे काईकू भरू?” सेमिनारला त्यांनी आपला मुद्दा फार छान मांडला. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने शंका विचारली. व्याही “हौ, बरोबर आहे,” म्हणाले, आणि सरळ जाऊन तिच्या शेजारी बसले. तिथून त्यांनी रिकाम्या व्यासपीठाला दोन प्रश्न विचारले. सादरीकरण अपूर्ण, असा शेरा मिळाला. तरीही काठाकाठाने ते सगळं पार करत गेले, आणि शेवटचा एक पेपर उरला.

माणसाला स्वतःची इच्छा असते का, की सगळं आधीच ठरलेलं असतं, असा त्यात मोठा प्रश्न होता. व्याह्यांनी सबंध पेपरभर लिहिलं की सगळं ठरलेलंच असतं. शेवटी रीतीप्रमाणे विरोधी बाजू मांडायला घेतली, आणि लिहिता लिहिता त्यांना ती पटली. वेळ संपत आली होती. शांतपणे मागे जाऊन त्यांनी प्रत्येक पानावर एक तिरकी रेघ ओढली आणि खाली लिहिलं: ‘वरील मत मला आता मान्य नाही. नवीन मत अजून तयार नाही.’ बेल व्हायच्या आत पेपर देऊन बाहेर आले आणि कँटीनमध्ये इराणी चहा प्याले.

खोडलेला मजकूर तपासायचा नाही, हा नियम साऱ्या जगाला ठाऊक आहे. मॅडमचा मला फोन आला. “सर, रूल है, कटा हुआ देखना नहीं. फिर भी मैं पढ़ी. पूरे बैच में ऐसा आन्सर नहीं है, सर.” समितीने एक वाट काढली होती. रेघा चुकून पडल्या, एवढं व्याह्यांनी लिहून द्यायचं, की उत्तर तपासता येईल आणि पदवी मिळेल.

मी तो निरोप घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या विहीणबाईंनी, ‘एम.ए.’साठी जागा ठेवूनच दारावरची नवी पाटी करायला टाकली होती. त्या म्हणाल्या, “द्या की हो लिहून. एवढ्या सगळ्यांना सांगून बसलोय.” व्याही माझ्याकडे बघत होते. “इवाई, रेघ चुकून नाही पडली. होशात मारली. त्या दोन वर्षांत मी शिकलो काय, तर ती रेघ. तीच चूक होती म्हणून लिहून देऊ?” मी नियम सांगितला, पुढची अडचण सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुम्ही एवढे पेपर तपासले. कुणाचं खोडलेलं कधी वाचलंत?”

मी पाण्याचा पेला उचलला. उत्तर त्यांना कळलं असावं, कारण मग त्यांनी विषय बदलून मिरचीचा भाव सांगायला सुरुवात केली.

पुन्हा बसायची मुभा होती. पण दर खेपेला व्याही म्हणायचे, “मत अजून तयार नाही, पेपरात काय लिहू?” पदवी पूर्ण करायची मुदत संपली आणि मत तसंच राहिलं. पाटीवरची ती जागा आजही मोकळी आहे. नातवाच्या वाढदिवसाला कुणीतरी म्हणालं, “आमचे आजोबा नापास!” सगळे हसले. मीही हसलो. त्या घोळक्यात नापास या शब्दाचा अर्थ नेमका माहीत असलेला मी एकटाच होतो, आणि हसण्यात मागे नव्हतो.

माझी बायको गेली त्याला काही वर्षं झाली. मागच्या महिन्यात व्याही न कळवता आले. काठी टेकत, धापा टाकत तिच्या फोटोपुढे उभे राहिले आणि साखरपुड्यात बोलले होते तितक्याच मोठ्याने म्हणाले, “विहीणबाई, तुमच्या श्रीखंडाबद्दल जे बोललो ते मागे घेतो. श्रीखंड उत्तम होतं.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “यायला उशीर झाला. मत तयार व्हायला वेळ लागतो.” दारापर्यंत गेले आणि थांबले. “जायफळ जास्तच होतं. तेवढं कायम.” आणि चपला घालता घालता सहज विचारावं तसं विचारलं, “तुमचं काही मागे घ्यायचंय का, इवाई?”

मी म्हणालो, “चहा घेऊन जा.” ते “नक्को” म्हणाले आणि जिना उतरले.

म्हणून आज लिहितो आहे. ते हसू मी मागे घेतो, आणि ज्या ज्या वेळी नापास म्हटलं गेलं आणि मी मान हलवली, ती मानही. ही पानं उद्या बेगम बाजारात त्यांच्या हातात देणार आहे. त्यांचा स्वभाव मला माहीत आहे. वाचून झाल्यावर ते खिशातून पेन काढतील आणि प्रत्येक पानावर एक तिरकी रेघ ओढतील. ओढू देत. वाचणाऱ्यांनी रेघेखालचं तेवढं वाचावं.