धुऱ्यावरचा शिंगवाला ससा

अंगात येणं, उतारा टाकणं, लिंबू फिरवणं... आमच्या घरात यातलं काहीच चालत नाही. माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणते, त्यांनी ते केव्हाच बंद केलं. माझाही कधी विश्वास नव्हता. तरी जे झालं ते लिहिते. शिक्षण चौथीपर्यंतच, म्हणून साधंच लिहिते.

आमचं गाव धर्माबादहून ऑटोनं अर्ध्या तासावर. मामांनी धर्माबादच्या बाजारात हमाली केली, पण गावात त्यांचं नाव झालं ते शिंगवाल्या सशामुळं. संध्याकाळी आमच्या ओट्यावर माणसं जमायची आणि मामा त्या सशाच्या शिकारीच्या गोष्टी सांगायचे. सोबतीला रहीमचाचा, गावातले शिंपी.

वेलीवरच्या कोवळ्या भोपळ्याला सरळ बोट दाखवलं की तो सडतो, म्हणून आमच्याकडं बोट वाकवून दाखवतात. मामा म्हणायचे, सशाची शिंगंही तशीच कोवळी असतात. सरळ बोट दाखवलं की गळून पडतात आणि समोर उरतो साधा ससा.

"म्हणून शिकारीला हात बांधून जायचं," मामा सांगायचे.

"हात बांधले तर ससा धरायचा कशानं?" चाचा विचारायचे.

"तीच तर अडचण हाय. म्हणून आजवर कुणालाच गावला न्हाई."

एकदा त्या सशानं म्हणे मिरचीचं भरलं पोतं शिंगांवर उचलून नेलं. मामा आणि चाचा त्याच्या शिंका ऐकत ऐकत गोदावरीपर्यंत गेले. काठावर ससा दिसला, आणि चाचांनी बोट केलं— "वो देखो!" शिंगं गेली.

"चाळीस वर्षं झाली," चाचा कपाळाला हात लावायचे. "अजून माझ्याच बोटाच्या नावानं बोंब."

मी आतून भाकरी थापत ऐकायची आणि पदरात तोंड लपवून हसायची. एवढं हसवणारा, आणि कुणाला न दुखवता हसवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मागच्या पोळ्यानंतर मामांना लकवा झाला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, "बोलतं करा. या दोन-तीन महिन्यांत आलं तर आलं, नंतर अवघड आहे." चाचा रोज यायचे. मुद्दाम गोष्ट चुकीची सांगायचे— पोतं हळदीचं होतं म्हणायचे— की मामा चिडून तरी बोलतील. मामा भिंतीकडं तोंड करून पडायचे. दिवाळी झाली, तिसरा महिना लागला. ओट्यावर आता कुणी येत नव्हतं.

त्या दिवशी मी रानात कापूस वेचत होते. सकाळचे अकरा वाजले असतील, लख्ख ऊन. आमचे मालक, मामांचा मुलगा, दोन ओळी पुढं, पाठमोरे. मी मान वर केली तर धुऱ्यावर, रानाच्या बांधावर, दहा पावलांवर ससा बसलेला. डोक्यावर दोन शिंगं. ओल्या नखाच्या रंगाची, वीतभर. डाव्याचं टोक मोडलेलं.

मालकांना हाक मारावी तर ससा पळाला असता. हात आपोआप वर गेला, मुठीतला कापूस खाली पडला... आणि मामा आठवले. मी बोट वाकवलं.

सशानं माझ्याकडं पाहिलं. मग सावकाश तुरीत शिरला. शिंगांनी तुरीची झाडं दोन्ही बाजूंना सारत गेला, ते मी शेवटपर्यंत पाहिलं. मालकांना काही सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं?

दुपारी मामांना पेज भरवायला बसले होते. चाचा शेजारी बसलेले. लग्नाला वीस वर्षं झाली, पण मामांसमोर मी "जेवता का, पाणी देऊ का" याच्या पुढं कधी बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

"मामा, आज धुऱ्यावर तो दिसला." आणि वाकडं बोट करून दिशा दाखवली.

चाचांना वाटलं, मामांना बोलतं करायला मीही त्यांच्यासारखंच रचून सांगून राहिले. ते लगेच म्हणाले, "बोट सीधा तो नै दाखवलं ना बेटी?"

"न्हाई. वाकवून."

मामांनी तोंड भिंतीकडून वळवलं. माझ्याकडं कितीतरी वेळ पाहिलं. ओठ हलले. "डा... डा..." चाचांना वाटलं डाळ मागतात. मामांनी मान हलवली.

"डावं... मोडकं?"

चाचा रडायलाच लागले. रडता रडता म्हणाले, "आता हा पुन्हा माझ्या बोटाचं नाव काढणार." माझ्या हातातली वाटी मात्र तशीच राहिली. मोडक्या शिंगाचं मी कुणाला सांगितलंच नव्हतं. नंतर चाचांना विचारलं, की मामांच्या गोष्टीत कधी मोडकं शिंग होतं का? ते म्हणाले, "चाळीस वर्षं ऐकली बेटी. कधीच नाही."

आता मामा हळूहळू बोलतात. ओट्यावर परत माणसं बसतात. गोष्टीत आता मीही आहे, दोन्ही मुठींत कापूस धरलेली शिकारीण. लोक हसतात आणि मी आत पळते.

एकदा घरात कुणी नसताना धीर करून विचारलं, "मामा, डाव्या शिंगाचं तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी आधी दाराकडं पाहिलं. मग म्हणाले, "बोट... रहीमचं न्हाई, माझंच व्हतं. अर्धंच उचललं, मागं घेतलं. तवर टोक गेलं."

शिकार सांगताना त्यांच्या डोळ्यांत नेहमी हसू असतं. तेव्हा नव्हतं.

"रहीमला... सांगू नगं," ते म्हणाले.

मी काय पाहिलं, त्यांना काय ठाऊक होतं, मला अजून उलगडलेलं नाही. चाचांना सांगितलेलं नाही. पोटात राहीना, म्हणून वहीत लिहिलं.