टाइट एंडची मेरिट लिस्ट

ऑगस्टमधल्या एका शनिवारी आमच्या बेसमेंटमध्ये सहा पुरुष जमतात आणि जो खेळ त्यांच्यापैकी एकही जण आयुष्यात कधी खेळलेला नाही, त्या खेळातल्या मुलांना मार्क देतात. कॉलेज फुटबॉलचा, म्हणजे अमेरिकेतल्या हातात चेंडू धरून खेळायच्या फुटबॉलचा, सीझन सुरू व्हायच्या आत हे उरकावं लागतं. आम्ही मिनेसोटात, ईडन प्रेरीत घर घेतलं त्याच्या दुसऱ्या वर्षापासून हे चालू आहे. सहाही जण आयटीतले, सहाही पन्नाशी ओलांडलेले, आणि त्यातल्या चौघांना बेसमेंटचा जिना चढून वर येताना मध्ये कठड्याला धरून थांबावं लागतं. यातला एक माझा नवरा आहे, आणि लॅपटॉप त्याच्या मांडीवर असतो.

मार्क फक्त टाइट एंडना. त्यामागे मोठा विचार आहे. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकबद्दल ऑफिसात कोणीही बोलतं, त्यात आपलं वेगळेपण काय दिसणार? पण टाइट एंडचं नाव काढलं की शेजारच्या डेस्कवरचा गोरा माणूस भुवया उंचावतो आणि ‘यू रिअली नो द गेम’ म्हणतो. त्या एका वाक्यासाठी ही मंडळी अख्खा शनिवार घालवतात. माझा नवरा तर ते वाक्य घरी येऊन मला सांगतो, आणि मागच्या आठवड्यात सांगितलंय हे विसरून पुन्हा सांगतो.

टाइट एंड म्हणजे काय ते मलाही बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. पुढच्या फळीच्या टोकाला उभा राहणारा आडदांड मुलगा, त्याला टाइट एंड म्हणतात. त्याला दोन कामं असतात. कधी पुढे पळत जाऊन फेकलेला चेंडू झेलायचा. आणि बाकीच्या वेळी समोरून चाल करून येणाऱ्याला अंगावर घेऊन अडवायचं, म्हणजे मागून चेंडू घेऊन पळणाऱ्याला वाट मिळते. त्याने झेललेले चेंडू मोजले जातात, छापले जातात. त्याने कोणाला किती वेळ अडवून धरलं ते आमच्या बेसमेंटपर्यंत येत नाही.

तर नवरा एक्सेल उघडतो. उंची, वजन, कॅच, यार्ड, टचडाउन असे कॉलम. कुठल्या कॉलमला किती मार्क ठेवायचे यावर दोन तास भांडण. मग शंभरपैकी बेरीज आणि वरून खाली क्रम. नागपूरचा एक आहे, तो मिनेसोटाच्या टीममधल्या मुलाला ‘आपला’ म्हणून दर वर्षी ग्रेस मार्क मागतो. मुंबईचा एक आहे, त्याला पॉइंट फाइव्हशिवाय चैन पडत नाही. दहावीचा निकाल लागला की अख्ख्या कॉलनीत कोणाला किती पडले हे ज्यांना तोंडपाठ असायचं, त्यांतलीच ही माणसं. समुद्र ओलांडला, नागरिकत्व घेतलं, पण त्या निकालाच्या दिवसातून काही बाहेर पडली नाहीत. मुंबईकर अजूनही गणितात आपला दीडशेपैकी एक मार्क कसा कापला गेला ते सांगतो. त्याला दोन पदवीधर मुलगे आहेत.

या सगळ्यात मॅच कोणी बघत नाही. टीव्हीवर आवाज बंद करून क्रिकेटचे हायलाइट्स चालू असतात. ‘बघायचं काय त्यात, नंबर्स आहेत ना,’ असं नागपूरकर म्हणतो आणि बाकीचे मान डोलावतात. सीझन संपल्यावर ती शीट कोणी पुन्हा उघडतही नाही. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. आमच्याकडे जो बोलतो त्याचं बोलणं नंतर तपासलं जातं. इथे ती भानगडच नाही. मी वरून मिसळ आणायची, ‘तर्री जरा कमी, ॲसिडिटी होते’ हे ऐकून घ्यायचं, आणि रिकामी पातेली वर न्यायची.

आमची मुलगी इथेच जन्मली. कॉलेजात तिने स्टॅटिस्टिक्स घेतलं आणि पहिल्याच वर्षी फुटबॉल टीमच्या व्हिडिओवाल्यांत नाव घातलं. थंडीवाऱ्यात उंच मचाणावर उभं राहून सराव शूट करायचा, हे तिचं काम. नाक लाल झालेले फोटो पाठवायची. तिसऱ्या वर्षी टाइट एंडच्या कोचने तिला आपल्याकडे घेतलं आणि प्रत्येक चालीला त्याच्या मुलांना मार्क द्यायला बसवलं. तिथे शंभरपैकी वगैरे नव्हतं. काम झालं तर प्लस, नाही झालं तर मायनस, बस.

एका ख्रिसमसच्या सुट्टीत तिने मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉपपुढे बसवलं. म्हणाली, “आई, चेंडूकडे बघू नकोस. जस्ट वॉच धिस गाय.” तो मुलगा पुढे एक पाऊल टाकायचा, वाकायचा, आणि त्याच्याहून मोठ्या माणसाला बाजूला लोटत न्यायचा. चेंडू भलतीकडेच. कॅमेऱ्यानेही त्याच्याकडे धड पाहिलेलं नसायचं. सात-आठ चाली झाल्यावर मी तिच्या आधी ‘प्लस’ म्हणाले आणि तिने टाळी दिली. त्या दुपारी मला माझ्या मुलीचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा तिच्या कुठल्याही सर्टिफिकेटने वाटला नव्हता.

आणि तरी आमच्या मंडळींत कोणी विचारलं की नवरा सांगायचा, “डेटा ॲनालिटिक्स करते.” मीही तेच सांगायचे. फुटबॉल टीममध्ये आहे म्हटलं की बायका ‘म्हणजे नक्की काय करते?’ असं ज्या आवाजात विचारतात, तो आवाज मला नको होता. बेसमेंटमधल्या सहा जणांना हसायचा मला काय अधिकार, हे त्यावरून ठरवावं.

मागच्या वर्षी मे महिन्यात ती पदवीधर झाली. ऑगस्टपर्यंत तिच्या हातात दोन नोकऱ्या होत्या. एक मिनिॲपोलिसमधल्या विमा कंपनीत. दुसरी त्या कोचकडे. तो दुसऱ्या राज्यातल्या एका छोट्या कॉलेजात गेला होता आणि हिला म्हणाला होता, ये, टाइट एंडचं सगळं फिल्मकाम तू बघ. तिला दुसरी हवी होती. मला फोनवर तिने हे अगदी सरळ सांगितलं होतं. बाबालाही सांगितलं होतं. तो ‘बघू’ म्हणाला होता. आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे नाही.

सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं, म्हणून ती शनिवारी घरी आली, नेमकी शीटच्या दिवशी. “त्या दिवशी बाबा फुटबॉलच्या मूडमध्ये असतो,” ती म्हणाली. “आय डोन्ट नीड परमिशन, आई. आय जस्ट वॉन्ट हिम टु गेट इट.” त्या दिवशी बेसमेंटमध्ये फुटबॉल सोडून सगळं असतं, हे मी तिला तेव्हाच सांगायला हवं होतं.

त्या सकाळी मी मिसळीचं वाटण करत असताना नवरा इंडियन स्टोअरमधून पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला. म्हणाला, “आज सगळे आहेत, विमा कंपनीचं सांगून टाकतो.”

“तिला विचारलंस का?”

“विचारायचं काय त्यात? एकदा सगळ्यांना कळलं की तीही सेटल होईल.”

मी मिक्सर चालू केला. वाटण झाल्यावर पेढे प्लेटमध्ये मांडले आणि वरून झाकण घातलं.

मुलगी आली तेव्हा शीट पूर्ण होत आली होती. शेवटच्या नंबरावर शंभरपैकी एकतीस मार्कांनी जो मुलगा होता, तो तिच्याच टीमचा होता. ख्रिसमसला मी पाहिलेला तोच. ती सोफ्याच्या हातावर बसली, स्क्रीन पाहिली आणि म्हणाली, “काका, ही इज द बेस्ट वन ऑन युअर लिस्ट.”

नागपूरकर हसला. “अगं बेटा, कॅच बघ ना त्याचे. बोटावर मोजण्याइतके.”

“मी दाखवू?”

तिने क्रिकेट बंद करून आपला लॅपटॉप टीव्हीला जोडला. एक चाल लावली. पळणारा मुलगा चेंडू घेऊन मोकळ्या मैदानातून गेला आणि सगळे ‘वा’ म्हणाले. ती म्हणाली, “नाऊ लुक अगेन. चेंडूकडे बघू नका.” पुन्हा लावली. सहाही जणांनी पुन्हा चेंडूकडेच पाहिलं. मी जिन्यापाशी उभी होते, मला त्यांच्या माना वळताना दिसत होत्या. तिने तिसऱ्यांदा लावली, उठून टीव्हीपाशी गेली आणि त्या मुलावर बोट ठेवलं. त्याने एकाला आडवं केलं होतं आणि उठून तो दुसऱ्याच्या वाटेत शिरला होता.

“पण यात त्याला काय मिळालं?” मुंबईकराने विचारलं. खरंच कळत नसल्यासारखं विचारलं, म्हणून जास्त चीड आली.

“त्याला काही नाही मिळत, काका. दॅट्स द जॉब. आणि हेच मी—” ती बाबाकडे वळली. तिचा चेहरा उजळला होता. चार वर्षं जे करत होती ते तिला आता, या क्षणी, त्याला सांगायचं होतं.

“बरं बरं,” नवरा म्हणाला. “आम्ही आपली गंमत म्हणून करतो गं, तू फार सीरियसली घेतेस.” आणि मित्रांकडे बघून, “ही आता खरं काम करणार आहे. सप्टेंबरपासून विमा कंपनीत. ॲनालिस्ट.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नागपूरकराने उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी वर जाऊन पेढे घेऊन आले. एकेकाला दिले. तिच्यापुढे प्लेट धरली तेव्हा तिने आधी पेढ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एक पेढा उचलला आणि हातातच ठेवला.

सोमवारी तिने विमा कंपनीला हो म्हटलं. मी फोनवर विचारलं, असं का केलंस? म्हणाली, “सगळ्यांना सांगून झालंय ना, आई.” आता ती मिनिॲपोलिसमध्ये राहते. रविवारी जेवायला येते, आमटी-भात डब्यात घेऊन जाते. काम चांगलं करते म्हणे. फुटबॉल बघत नाही.

या वर्षीच्या वसंतात तो एकतीस मार्कांचा मुलगा व्यावसायिक टीमने उचलला. आमच्या बेसमेंटमध्ये यंदा पहिलं वाक्य काय ऐकलं असेल मी? “आपण तेव्हाच ओळखला होता.” मुंबईकर म्हणाला, आणि पाचही जणांनी त्याला दुजोरा दिला. मग नवऱ्याने सगळ्यांना शीट दाखवली. त्यात यंदा एक नवा कॉलम होता, ब्लॉकिंग, म्हणजे अडवण्याचा. दहा मार्कांचा. “माझ्या मुलीची आयडिया,” तो अभिमानाने म्हणाला. पण आत काय भरायचं ते सहांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. तेव्हा त्याने मला सांगितलं, “तिला फोन कर जरा. ती दोन मिनिटांत भरून देईल.”

मी वर येऊन ओट्याशी उभं राहून फोन लावला. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“मी आता बघत नाही, आई. त्यांना सांग, सगळ्यांना पाच द्या.”

“बरं.”

तिने फोन ठेवला नाही. म्हणाली, “त्या दिवशी तुला माहीत होतं ना? पेढे आधीच प्लेटमध्ये होते.”

“हो. सकाळीच सांगितलं होतं त्याने.”

वर्षभर जे विचारायचं टाळलं होतं ते मी विचारलं. “त्या दिवसासाठी मला काय देशील? प्लस की मायनस?”

मला वाटलं होतं ती ‘जाऊ दे ना आई’ म्हणेल. “मायनस,” ती म्हणाली. “यू वेअर स्टँडिंग राइट देअर. यू जस्ट डिडन्ट मूव्ह.”

मी मिसळीचं पातेलं घेऊन खाली गेले. नवऱ्याने विचारलं, काय म्हणाली? मी सांगितलं, सगळ्यांना पाच द्या म्हणाली. त्याने भराभर पाच-पाच टाकले आणि बेरीज केली. क्रम जिथल्या तिथे राहिला, तरी सगळ्यांना बरं वाटलं.

“बघा,” तो म्हणाला, “अजून इंटरेस्ट आहे तिला.”

मी पातेलं टेबलावर ठेवलं. “नाही,” मी म्हटलं. “तिला इंटरेस्ट राहिलेला नाही. तो मागच्या वर्षी याच खोलीत आपण सगळ्यांनी मिळून संपवला. पेढे मी वाटले.”

नागपूरकर टीव्हीकडे बघू लागला. नवऱ्याने लॅपटॉप अर्धा मिटला आणि पुन्हा उघडला. मुंबईकराने हळूच विचारलं, फरसाण आहे का. ते वर राहिलं होतं, म्हणून मी आणायला गेले.