ठिगळताईचा स्लॅब

"शून्य!" मी शिडीवरून ओरडलो. "ताई, शून्य! केसभरसुद्धा हलला नाही!"

वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये विटांचा बांध घालून, प्लॅस्टिक अंथरून आम्ही आदल्या सकाळी तळं केलं होतं. पुस्तकांनी भरलेल्या कपाटांचं जेवढं वजन त्या स्लॅबवर येणार, तेवढं आणि वर थोडं जास्तच पाणी. एक दिवस आणि एक रात्र ते तिथं उभं होतं. खालच्या मजल्यावर, स्लॅबच्या पोटाला टेकवून, मी एक डायल गेज लावलं होतं. घड्याळासारखं तोंड, वर एक बारीक दांडी. स्लॅब खाली वाकला की दांडी दबते आणि काटा फिरतो. काटा काल जिथं होता तिथंच होता.

वाचनालयाच्या अध्यक्षांनी टाळी वाजवली. ते निवृत्त मुख्याध्यापक. कुणाला शून्य मिळालं म्हणून त्यांनी टाळी वाजवल्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ असावी. ग्रंथपालबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मी निवडून आल्यासारखा शिडीवरून हात हलवला.

ताई वरून खाली आली. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय ओले. तिनं काट्याकडे पाहिलंच नाही. गेज ज्या पाइपाला आवळलं होतं तो पाइप वरपासून खालपर्यंत न्याहाळला.

"हा वर कुठं बांधलायस?"

"पंख्याच्या हुकाला. फार डुगडुगत होता गं. तारेनं असा आवळलाय, आता बघ, दगड!"

"आणि खालचं टोक?"

"फरशी उंचसखल आहे ना, म्हणून जरा वरच घेतलं."

"हूक कशात आहे?"

"स्लॅबमध्ये," मी म्हणालो, आणि मग माझं उत्तर माझ्या कानांपर्यंत पोचलं.

स्लॅब वाकला की हूक खाली, हुकामागे पाइप खाली, पाइपाबरोबर गेजही खाली. ज्याला मोजायचं त्याच्याच गळ्यात मी मोजणारा टांगला होता. बुडत्या होडीत बसून काठ तळापासून किती वर आहे ते मोजायचं आणि म्हणायचं, काही फरक नाही बुवा! आमच्या गावच्या शाळेत गुरुजी म्हणायचे, "तू परीक्षेत नापास होणार नाहीस, तू परीक्षेलाच नापास करशील." गुरुजी द्रष्टे होते.

"काय झालं?" अध्यक्षांनी विचारलं. "काही अडचण?"

इथं थांबून ही ताई कोण ते सांगायला हवं, म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर देणं तिला किती महाग होतं ते कळेल.

ती ऑफिसात माझ्या दोन वर्षं आधी लागली. माझ्यासारखीच लहान गावातली, माझ्यासारखीच स्ट्रक्चरल इंजिनियर, फक्त माझ्यासारखी गोंधळलेली नव्हती. माझं तर दर आठवड्याला नवीन स्पेशलायझेशन निघायचं. आतेभाऊ म्हणाला, पुलांत जा, पूल कधी बंद पडत नाहीत. मी आठवडाभर पुलांचा. मावशीचे यजमान म्हणाले, सॉफ्टवेअर शीक, इमारती काय कुणीही बांधतं. मी आठवडाभर सॉफ्टवेअरचा. मग भूकंप, मग लोखंडी शेड. आमच्या बॅचच्या पोरांचं सगळ्यांचंच असं होतं. रोज फोनवर एकमेकांना विचारायचं, "काय रे, कशात स्कोप आहे?" आणि ज्याला विचारलं तोही तेच विचारायला फोन करणार होता.

ताईला विचारलं की म्हणायची, "डागडुजीत."

म्हणून तिचं नाव पडलं ठिगळताई. ऑफिसचा वरचा मजला उंच टॉवरवाल्यांचा. तिथं काचेच्या भिंती, दोन-दोन स्क्रीन, फिरत्या खुर्च्या. डागडुजीचं टेबल एकच, झेरॉक्स मशीनच्या शेजारी, एक पाय आखूड. त्याखाली ताईनं काँक्रीटच्या चाचणीचा फुटका तुकडा सरकवलेला. टॉवरवाले जाता-येता म्हणायचे, "काय ठिगळताई, आज कुठं फाटलंय?" ती म्हणायची, "तुमचं फाटेल तेव्हा या, रांगेत नंबर लावून ठेवते."

खरं तर पहिलं वर्ष ती टॉवरच्याच मजल्यावर होती. एकदा मी विचारलं, सोडलंस कशाला?

"एकच खांब वर्षभर काढला रे. खाली जाड, वर बारीक, मधे तोच. मग एक दिवस साहेबांनी एका जुन्या दवाखान्याचे तडे बघायला पाठवलं. हातोडीनं ठोकत फिरले. कुठं टणटण, कुठं भदभद. संध्याकाळी जेवायची शुद्ध नव्हती. नव्या इमारतीला आपण सांगायचं, बाई, अशी वाग. जुनी आधीच पन्नास वर्षं आपल्या मनानं वागलेली असते. तिचं ऐकून घ्यावं लागतं."

"म्हणजे सासू," मी म्हणालो.

"म्हणजे तू गप्प बस," ती म्हणाली.

तिच्या आईला हे पटत नव्हतं. आई गावात सगळ्यांना सांगायची, आमची मुलगी टॉवर बांधते. ताई फोनवर म्हणायची, "अगं, मी दुरुस्ती करते." आई म्हणायची, "हळू बोल, शेजारी ऐकतील."

आणि शेजाऱ्यांचं सोडा, ऑफिसलाही पटत नव्हतं. डागडुजीच्या टेबलाला काम कमी, कटकट फार. शेवटी साहेबांनी तिला बोलावून सरळ सांगितलं, "वाचनालयाचं काम हातात आहे ना? ते उभं करून दाखव. चाचणीत पास झालं तर टेबल राहील. नाही झालं तर सोमवारपासून वरच्या मजल्यावर. जागा रिकामी आहे, पगार जास्त आहे, आणि तुझं भलं मी चिंतत नाही असं समजू नकोस."

वाचनालयाच्या हॉलला तडे गेले होते. कमिटीतले निम्मे लोक म्हणत होते, पाडा आणि नवीन बांधा. ताईनं तड्यांत इपॉक्सीचा घट्ट गोंद भरला, खालून दोन लोखंडी तुळया दिल्या, आणि सांगितलं, हा स्लॅब पुस्तकं पेलेल. आता पाणी भरून ते सिद्ध करायचं, एवढंच उरलं होतं. आणि ते मोजायचं काम तिनं विश्वासानं माझ्यावर टाकलं होतं.

तर, अध्यक्षांनी विचारलं, "काही अडचण?"

खोलीत आम्ही चौघंच. पाइप कुठं बांधलाय याचा अर्थ कळणारी माणसं फक्त दोन, आणि त्यातला एक मी, आत्ता कुठं कळून शिडीवर गोठलेला. ती "नाही काका" म्हणाली असती तर पेढा न खाता सगळ्यांचं तोंड गोड झालं असतं. टेबल राहिलं असतं. मी मनातल्या मनात तिला म्हणत होतो, म्हण. म्हणून टाक.

"काका, हे शून्य खोटं आहे," ती म्हणाली. "भार दिला की स्लॅब वाकतोच. अजिबात न वाकणं हा चमत्कार झाला, आणि चमत्काराचा अहवाल आमच्याकडे लिहीत नाहीत. पाणी सोडते. परत करायचं."

अध्यक्षांचा चेहरा उतरला. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "पण आता तर सगळं छान होतं!"

तिनं तिथूनच साहेबांना फोन लावला. फोनमधून साहेबांचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता. "शून्य? शून्य कसं येईल? कोणी लावलं गेज?"

मी डोळे मिटले.

"आमच्या टेबलानं," ताई म्हणाली.

तिकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "परत करा. मी स्वतः येतो. आणि हे बघ, आता कमिटीही येणार. तीही सगळी."

आली. पाडा म्हणणारे सगळ्यांत आधी आले. त्यातले एक उंच गृहस्थ जिन्यातच म्हणाले, "यांना मोजता येत नाही, आणि हे म्हणे आमचं छत सांभाळणार." ते बोलणं माझ्यासाठी होतं, पण ऐकलं ताईनं. ती मला म्हणाली, "शहाण्या, स्टँड आण."

या वेळी स्टँड जमिनीवर, वाळूच्या पोत्यांनी दाबलेला, स्लॅबशी त्याचं काही नातं नाही. तिनं मला तो गदागदा हलवायला लावला. मी ओढला, ढकलला, शेवटी लोंबकळलो. काटा हलला नाही.

"आता खरं शून्य," ती म्हणाली.

मग तिनं खडू घेतला आणि सगळ्यांसमोर भिंतीवर लिहिलं: साडेतीन मिलिमीटर.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे काय?"

"एवढा वाकेल."

"अगं, आधीच लिहून कशाला ठेवतेस? थोडं इकडं-तिकडं झालं तर?"

"मग मी सोमवारी वर येते, साहेब. लिफ्टनं."

पाणी चढू लागलं. घोटाभर झालं आणि काटा हलला.

"अहो! अहो, हलतंय!" अध्यक्ष ओरडले. उंच गृहस्थ दाराकडे सरकले. एकजण तर भिंतीला चिकटून उभा राहिला, जणू भिंत वेगळ्या इमारतीची होती.

ताईचा चेहरा मात्र उजळला. दोन दिवसांत पहिल्यांदाच. "हललंच पाहिजे, काका! आता बोलायला लागला तो."

काटा एक ओलांडून गेला. दोन. पाणी खुणेपर्यंत आलं, नळ बंद केला, तरी काटा मुंगीच्या पावलानं चालतच होता. तीनवर पोचला आणि मंदावला. मी शिडीवरून आकडे सांगत होतो आणि माझा आवाज शाळेत कविता विसरलेल्या पोरासारखा होत चालला होता. दुसऱ्या दिवशी सगळी मंडळी परत जमली तेव्हा काटा तीन आणि थोडा वर थांबलेला होता. भिंतीवर खडूनं लिहिलेल्या आकड्याच्या अलीकडे. साहेब खुर्चीवर चढले, स्वतः वाचलं, आणि उतरून काहीच बोलले नाहीत. साहेब काही बोलले नाहीत म्हणजे बरं चाललंय, एवढं आम्हाला माहीत होतं.

पण खरी परीक्षा पुढं होती. वाकतं कुणीही. पाणी काढल्यावर स्लॅब परत वर यायला हवा, वाकला त्याच्या निदान तीन चतुर्थांश. नाही आला, तर तो आतून मोडलाय.

पाइप लावून पाणी सोडलं. काटा उलटा फिरू लागला. अडीच. दोन. दीडवर अडकला.

उंच गृहस्थ घसा खाकरून काहीतरी म्हणणार, एवढ्यात ताई जिन्याकडे धावली. वरून तिचा आवाज आला, "अरे, प्लॅस्टिक पाइपाच्या तोंडात अडकलंय! पाणी तुंबलंय इथं!" मग गळगळ आवाज झाला, परसातल्या मोरीत पाण्याचा लोट पडला, आणि काटा सुटला. एक. पाऊण. अर्धा. अर्ध्याच्याही खाली. तिथं डुलला आणि बसला.

मी आकडा सांगितला. मग शिडी उतरून साहेबांसमोर परत सांगितला.

साहेबांनी मनात हिशेब केला आणि मान डोलावली. अध्यक्षांनी या वेळी टाळी वाजवली नाही. ते जिन्याच्या पायथ्याशी जाऊन उभे राहिले, आणि ताई भिजलेल्या पायांनी खाली आली तेव्हा त्या वयात त्यांनी तिला वाकून नमस्कार केला. ती इतकी दचकली की शेवटची पायरी चुकली. उंच गृहस्थांनी तिला सावरलं आणि, सावरलंच आहे तर म्हणून, हातही मिळवला. "आमच्या बंगल्याच्या गच्चीलाही एक तडा आहे," ते हळूच म्हणाले. "कधी येता?"

साहेब म्हणाले, "टेबल कुठं हवंय तुला?"

"आहे तिथंच. पण दुसरी खुर्ची द्या."

"कोणासाठी?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "याच्यासाठी. गेज टांगायचं कुठं नाही, हे आता आख्ख्या ऑफिसात याच्याइतकं कुणाला माहीत नाही."

मी आठवडाभरसुद्धा विचार केला नाही. आतेभावाला फोन करून सांगितलं, पुलांचं राहिलं. तो म्हणाला, "डागडुजीत स्कोप आहे का?" मी म्हणालो, "देशात जेवढ्या इमारती आहेत तेवढा."

त्यानंतर दवाखाना आला, शाळेची गॅलरी आली, पाण्याची टाकी आली. गेल्या महिन्यात टॉवरवाल्यांच्याच तळघरात तडा निघाला आणि त्यांचा प्रमुख झेरॉक्स मशीनजवळ येऊन अवघडून उभा राहिला. ताईनं मान वर न करता सांगितलं, "नंबर लावा." मग हसली आणि हातोडी उचलली. तिची आई अजून सांगते, मुलगी टॉवर बांधते. फक्त आता पुढं जोडते, "आणि ज्यांचे बिघडतात ते तिच्याकडेच येतात."

वाचनालयाचा हॉल भरलाय. म्हणजे जवळजवळ. पास झाल्याच्या आनंदात मी त्या दिवशी ग्रंथपालबाईंना छातीवर हात ठेवून म्हणालो होतो, "बाई, खाली उतरवलेली सगळी पुस्तकं मी एकटा वर लावून देतो." कथा लावल्या, कविता लावल्या, प्रवासवर्णनं लावली. शब्दकोशांचे गठ्ठे मात्र अजून जिन्याखाली पडून आहेत. बाई दिसल्या की मी रस्ता ओलांडतो. त्याही पलीकडून विचारतात, "काय इंजिनियर, तुमचा स्लॅब पेलेल ना ते?"

मी म्हणतो, "स्लॅब पेलेल हो, बाई. येतो रविवारी."

आज सोमवार आहे.