शुक्रवारचे रिबाउंड

मला बास्केटबॉल माझ्या मुलीने शिकवला, आणि तोही मराठीत. शुक्रवारी, म्हणजे इथल्या आखाती सुट्टीच्या दिवशी, घरात फक्त मराठी बोलायचं, हा नियम मीच केला होता, कारण इथल्या वादी कबीर भागातल्या इंग्रजी शाळेत जाऊन तिची मराठी पार लंगडी झाली होती. बायकोची शुक्रवारी हॉस्पिटलात ड्यूटी असे. सकाळची बुद्धवंदना उरकली की आम्ही दोघं पोह्यांच्या बश्या घेऊन टीव्हीसमोर बसायचो. अमेरिकेतली रात्रीची मॅच आमच्याकडे सकाळी लागते.

मुलगी चौदा वर्षांची, शाळेच्या टीममधली. तिचा लाडका खेळाडू होता एक हडकुळा सेंटर, म्हणजे रिंगखाली खेळणारा. नेम चुकून रिंगवर आपटलेला बॉल उडी मारून पकडणं, म्हणजे रिबाउंड, हे त्याचं मुख्य काम.

"बाबा, तो उडी आधी मारते... मारतो. बॉल कुठे येणार ते त्याला कळतं."

शब्द अडला की ती हात हलवायची. मी हसायचो, ती चिडायची. माझ्या आयुष्यातल्या त्या सगळ्यात चांगल्या सकाळी होत्या, आणि हे सांगताना आज मला लाज वाटते.

कारण त्याच सुमारास ऑफिसातल्या एकाने मला ते अ‍ॅप दाखवलं होतं. अमुक खेळाडू आज आठपेक्षा जास्त रिबाउंड घेईल का? 'हो' विकत घ्या, नाहीतर 'नाही'. खेळ चालू असताना शेअरसारखा भाव वरखाली होतो. इथल्या कायद्यात हे बसत नाही, म्हणून चोरवाटेने उघडावं लागे. "सट्टा नाही रे, मार्केट आहे," तो म्हणाला. मी इंजिनिअर. आकडे दिसले की आपल्याला फार अक्कल आहे असं मला वाटतं. पण माझे अंदाज सपशेल आपटायचे. मुलीचे सहसा चुकत नसत. कोण थकलाय, कोणाचं कोचशी बिनसलंय, तिला सगळं ठाऊक. मग मीच खोदून खोदून विचारायला लागलो. बाबाला आपला खेळ आवडायला लागला म्हणून पोर हरखून गेली. आठवडाभर इंग्रजीत ऐकलेलं माझ्यासाठी मराठीत जुळवून ठेवू लागली.

एका शुक्रवारी मॅचआधी ती म्हणाली, "बाबा, त्याचा घोटा दुखतोय. तो कोणाला सांगत नाहीये. पण मी बघितलं, खाली येताना तो डावा पाय नीट टेकवत नाही."

तिचं तोंड काळजीने एवढंसं झालं होतं. मी पाणी प्यायच्या निमित्ताने किचनमध्ये गेलो आणि तो आठच्या वर जाईल का, यावर 'नाही' घेतलं.

तिसऱ्या क्वार्टरपर्यंत त्याचे आठ रिबाउंड झाले. अजून एक आला की माझं खलास. तेवढ्यात उडी मारून खाली येताना त्याचा पाय मुरगळला आणि तो कोसळला. मुलगी किंचाळली. माझ्या तोंडून निघालं, "सुटलो!"

ती वळली. मोबाइल माझ्या हातात उघडाच होता. त्याचा फोटो, खाली 'नाही', आणि चढत चाललेला भाव. टीव्हीवर त्याला दोघंजण धरून बाहेर नेत होते.

"मी सांगितलं म्हणून?" तिने विचारलं.

"अगं, फार पैसे नव्हते लावले," मी म्हणालो. याहून मूर्ख उत्तर मी कधी दिलं नसेल.

अ‍ॅप मी त्याच दिवशी काढून टाकलं. ती भांडली नाही, रडली नाही. फक्त माझ्याशी इंग्रजीत बोलू लागली, शुक्रवारीही. आईशी मराठी, माझ्याशी इंग्रजी. नियमाची आठवण करून द्यायची माझी हिंमत झाली नाही.

मागच्या महिन्यात शाळेत तिची मॅच होती. मी न बोलावता गेलो आणि मागच्या रांगेत बसलो. तीही त्याच्यासारखीच उडी आधी मारते. मॅच जिंकल्यावर बॅग खांद्याला लावून ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. कितीतरी महिन्यांनी माझ्याशी मराठीत बोलली, आणि एकही शब्द अडला नाही.

"बाबा, आज माझ्यावर काय घेतलं होतंस? हो की नाही?"

"काहीच नाही गं," मी म्हणालो. ते खरं होतं. पण तिचे रिबाउंड मी मोजले होते, आणि आठानंतर नववा आला तेव्हा मनातल्या मनात 'हो' म्हणालो होतो.