कुमुदच्या भिंतीवरचा पांढरा थर

कुमुद गेल्याचा फोन इचिकावाहून, तिच्या गावाहून, आला, तेव्हा मी टोकियोत, फुनाबोरीला मुलाच्या घरी तिच्याच संदर्भातले सातवे पत्र लिहीत बसलो होतो. कुमुद ही माझ्या पत्नीची धाकटी बहीण. जमिनीच्या थरांत जुन्या त्सुनामींच्या खुणा शोधणाऱ्या अगदी सुरुवातीच्या भूवैज्ञानिकांपैकी एक. ज्या संस्थेत तिने उभे आयुष्य काढले, तिलाच ते पत्र होते. तिसऱ्या दिवशी त्या संस्थेकडून पांढरी फुले आली. सोबत 'मोलाच्या सहकार्याबद्दल कृतज्ञता' असे कार्ड. सहकार्य... आयुष्यभर वकिली केलेल्या माणसाला हे पुरते कळते, की शोध लावणारीला सहकारी ठरवणारा शब्द कोणीतरी विचारपूर्वक निवडलेला असतो.

फार वर्षांपूर्वी मी प्रथम जपानला आलो, तेव्हा ती मला ईशान्य किनाऱ्याकडच्या एका भातशेतात घेऊन गेली होती. तिथून समुद्र दिसतही नव्हता. खणलेल्या चराच्या भिंतीला तिने डिंकासारखे रसायन फासले, वर कापड चिकटवले आणि वाळल्यावर ते सोलून काढले. मातीचे थर जसेच्या तसे कापडावर उतरले. काळ्या चिखलात चार बोटे जाडीचा एक पांढरा पट्टा होता.

"भाऊजी, ही समुद्राची वाळू. इथवर आला होता तो."

"कशावरून? नदीचा पूर असेल."

"झाली उलटतपासणी सुरू," असे म्हणून तिने भिंग माझ्या हातात दिले. वाळूत शिंपल्यांचा चुरा होता. शेताच्या मालकीणबाई, एक वृद्धा, थर्मासमधून चहा घेऊन आल्या. त्या दोघी बराच वेळ जपानीत बोलत होत्या. मला त्यातले अक्षर कळत नव्हते; मी बुटांचा चिखल पुसत बसलो.

संस्थेतल्या ज्येष्ठांनी ती वाळू पुराचीच ठरवली आणि तिचे निष्कर्ष अहवालाच्या परिशिष्टात ढकलले. ती मात्र दर वर्षी कापणीनंतर जाऊन नवा चर खणत राहिली. २०११ मध्ये समुद्र त्या शेताच्याही पुढे गेला. त्यानंतर संस्थेने आपल्या संग्रहालयात कुमुदने काढलेला एक थर सन्मानाने लावला. खाली पाटी, 'संस्थेच्या पथकाचे संशोधन'. तेव्हापासून मी पत्रे लिहू लागलो. उत्तरे उत्तम कागदावर येत: आपले म्हणणे विचाराधीन आहे. कोणाच्या, कोणत्या नियमान्वये, कधीपर्यंत, याचा खुलासा एकदाही झाला नाही.

कुमुद माझ्या पत्रांच्या प्रती वाचून हसे. "तिथे तुमच्या पत्रांचा एक थर साचलाय, भाऊजी. खणेल कुणीतरी."

"चेष्टा पुरे. नाव हा तुझा हक्क आहे."

"नाव हवंच आहे. पण तुम्ही अर्धंच मागताय..."

तो मला तिचा विनय वाटला. रागाच्या भरात मी पुढे काही विचारलेच नाही.

गेल्या आठवड्यात तिचे घर रिकामे करताना दिवाणखान्यातला थर मी भिंतीवरून उतरवला. त्या शेतातला, तोच. मागे कुमुदचे अक्षर: गाव, थर किती खोलवर सापडला ते आणि, तिच्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे, खणायला जमीन देणाऱ्याचे नाव. त्या वृद्धेचे. त्याखाली नंतरच्या शाईत मराठीत लिहिले होते, 'आजींच्या आजी सांगत, पाणी या शेतापर्यंत आलं होतं. अहवालातून हे वाक्य पूर्णच गाळलं. आजी २०११च्या आधीच वारल्या होत्या. त्यांची सून लाटेत गेली. तिला कुणी कळवलंच नव्हतं.'

साक्षीदार माझ्यासमोर चहा ओतत होती, आणि मी बूट पुसत होतो. सहा पत्रे धाडली; एकातही तिला पुकारले नाही.

सातवे पत्र मी फाडले आणि नव्याने लिहिले. त्यात पाटीवर दोन नावांची मागणी आहे. आजींचे आधी, कुमुदचे नंतर. त्यांचे ते वाक्य परिशिष्टात नव्हे, मूळ अहवालात हवे, हेही लिहिले आहे.

तो थर आता फुनाबोरीत माझ्या टेबलासमोर टांगला आहे. सूनबाई म्हणाली, "बाबा, उलटा लागलाय. मागची बाजू दिसतेय."

"राहू दे," मी म्हटले. "उत्तर येईपर्यंत."